खोडाळ्याच्या सुक्या कचऱ्याची घनता

१० नोव्हेंबर, खोडाळा

जव्हारच्या सुताराकडून पेटी आली. आतून लांबी, रुंदी, उंची – तिन्ही अर्धा मीटर. टेप लावून पाहिलं, बरोबर आहे. कोंबड्यांसाठी का, असं त्याने विचारलं होतं. कचऱ्यासाठी म्हटल्यावर पैसे आधी मागितले.

काम सोपं. बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या – जसं गोळा होतं तसं पेटीत भरायचं. पेटी चार बोटं उचलून तीनदा आपटायची, पुन्हा काठापर्यंत भरायची. मग आतला माल गोणीत ओतून वजन. एका घनमीटरला किती किलो, एवढंच काढायचं. पंचावन्न किंवा जास्त आलं तर पंधरवड्याचा कचरा बाजारामागच्या रिकाम्या खोलीत मावतो. कमी आलं तर नवी शेड, आणि तिला जागा एकच – शाळेमागचं खळं. कागदावर सरकारी.

महिनाअखेर काम संपतं. मग पुणे, नवी नोकरी. तोवर पुष्पाताईंकडे भाड्याने.

१२ नोव्हेंबर

पेटी भरायला रोजंदारीवर नवशीबाई. पन्नाशीच्या. माझं लग्न, माझा पगार, मी इतकी वाळलेली का – दुपारच्या आत सगळं विचारून झालं. मी उत्तरं दिली नाहीत. त्यांनी स्वतःच दिली.

१५ नोव्हेंबर

सरासरी छप्पन्न. खोली पुरते! जव्हारच्या कार्यालयात साहेबांना फोन केला. खूश.

१७ नोव्हेंबर

चूक सापडली. मी ओट्यावर काट्यापाशी बसते, पेटी मागच्या अंगणात भरतात. आज मागे जाऊन पाहिलं – पेटीवर वीतभराहून उंच शीग! प्रत्येक वेळी अशीच, म्हणे.

नवशीबाईंना विचारलं. त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"सपाट माप कोणाला देतात का, बाय? लोक काय म्हणतील?"

म्हटलं, हा कचरा आहे.

"मंग कचऱ्याशी कंजूषपणा कशाला?"

इथे नागली असो, भात असो, माप शिगेनंच भरतात. भरताना मी पाहायला हवं होतं. सगळी मोजणी बाद.

२० नोव्हेंबर

काठावरून पट्टी फिरवून मोजलं. सत्तेचाळीस. पट्टी फिरते तेव्हा नवशीबाई दुसरीकडे बघतात.

२१ नोव्हेंबर

खळं कोण वापरतं, हे आज विचारलं. आधी विचारलं नव्हतं. नवशीबाई आणि आणखी चार घरं तिथे नागली झोडतात. शाळेमागे सगळा उतार, दुसरी सपाट जागा नाही.

त्यांना सरळ सांगितलं – आकडा कमी आला, शेड तुमच्या खळ्यावर येईल. त्यांनी पट्टी उचलून हातात धरली.

"म्हंजे या पट्टीनं माझं खळं पुसलं."

मग म्हणाल्या, पहिला आकडा काय वाईट होता, तोच लिही. नाही म्हटलं. खोली ओसंडेल, कचरा रस्त्यावर येईल.

"येऊ दे. रस्ता माझा नाय. खळं माझं हाय."

चहा न घेता गेल्या.

२२ नोव्हेंबर

सत्तेचाळीस कळवले. साहेबांनी विचारलं, आठवड्यात कचरा हलका झाला का? म्हटलं, आधीचं चूक होतं. कचरा नेणारी गाडी पंधरवड्याऐवजी दर आठवड्याला मिळेल का, ते विचारलं. मोखाड्याकडे एकच गाडी आहे, म्हणाले. नाही.

२४ नोव्हेंबर

नवशीबाई येत नाहीत. त्यांच्या जागी भिका. काही विचारत नाही. पेटी काठापर्यंत भरतो. आकडा तोच येतो.

२५ नोव्हेंबर

कचरा जसा येतो तसा मोजायचा, हे ठीक. पण खोलीत तसाच का ठेवायचा? बाटलीत हवा, खोक्यात हवा. आम्ही हवा ठेवायला शेड बांधतोय! हे आधी सुचायला हवं होतं.

संध्याकाळी खळ्यावर गेले. झोडणी चालू होती. म्हटलं, बाटल्या-खोकी चपटी करून मोजायची आहेत, माणसं हवीत. नवशीबाईंनी काठी थांबवली नाही.

२७ नोव्हेंबर

खळ्यावरच्या पाचही बायका आल्या. झाकणं काढून बाटल्या पायाखाली, खोकी उलगडून आडवी. येसूबाई प्रत्येक बाटलीला एकेका नातेवाइकाचं नाव देऊन तुडवत होत्या. नणंदेला दोनदा. पट्टी नवशीबाईंनी स्वतः फिरवली, जरा जास्तच कडक.

ब्याऐंशी. दोनदा पुन्हा मोजलं. आसपासच.

२८ नोव्हेंबर

साहेबांना आकडा मान्य. पण म्हणाले – एक दिवस सगळे तुडवतात, दोन महिन्यांनी कोणी फिरकत नाही. इथे राहून वर्षभर हे करून घेईल असा तांत्रिक माणूस द्या. नाहीतर शेडचा प्रस्ताव सोमवारी पुढे जाईल.

रास्त आहे. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. अशी दोन माणसं माहीत होती, दोघांना फोन केला. दोघंही नाही म्हणाले. नवशीबाईंना अजून काही सांगितलेलं नाही.

३० नोव्हेंबर

माझं नाव दिलं. पुष्पाताईंकडे खोली वर्षभरासाठी मागितली. पुण्याला कळवलं, येत नाही. कारण विचारतील. सांगणार नाही.