गुरुजींच्या घराची मागची भिंत

बाबा,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. काल तुमची तेरवी झाली. अख्खं धाड गाव जेवून गेलं, तुमचं कौतुक करून गेलं. मी मुकाट्यानं वाढत होते. आज घर रिकामं झालंय, म्हणून लिहायला बसले. जिवंतपणी तुम्ही कुणाचं ऐकून घेतलंत? आता घ्या!

सगळ्यांचं एकच, काय माणूस होता! चित्रकलेचे गुरुजी, गावाला रेल्वे नाही, आणि पोरीला हाताशी धरून रेल्वेची घरं बनवली. दिवाणखान्यात छोटी आगगाडी पळवणाऱ्या हौशी लोकांसाठी सत्त्याऐंशी पट लहान स्टेशनं, गोदामं, गेटमनच्या खोल्या. मोजमापं तुम्ही घ्यायची, कॉम्प्युटरवर नकाशा मी काढायचा, लेझरच्या मशीननं लाकडाच्या पातळ पाट्या कापायच्या आणि सुटे भाग डब्यात भरून पाठवायचे. ज्यानं मागवलं त्यानं घरी जोडायचे.

आणि आईनं काय करायचं? ती मागच्या सैपाकघरात बसून सुईनं एकेक खिडकी टोचून मोकळी करायची, जळक्या कडा पुसायची. तुमच्या सत्काराच्या भाषणात तिचं नाव कधी आलं का हो?

तुमच्या अंगठ्याची मात्र गावाला माहिती होती. नवीन घर जोडून झालं की तुम्ही छपरावर अंगठा दाबायचात. दबलं की नापास. मी जीव लावून केलेलं मालधक्क्याचं गोदाम तुम्ही पाहुण्यांसमोर चेचलंत आणि तुकडे माझ्या ओंजळीत दिलेत. पाहुणे हसले. तुम्हीही हसलात. मी चहा करायला आत गेले, तर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “रडू नको, दूध उतू जाईन.”

मशीनचा धूर बाहेर काढायला पाइप लागतो. तो पुढच्या भिंतीतून काढू या म्हटलं, तर केवढे खवळलात! “घराचा चेहरा खराब कराचा हाय का तुले?” पाइप मागे गेला, थेट आईच्या खिडकीखाली. त्या जळक्या वासात डोळे चोळत तिनं वर्षानुवर्षं भाकरी थापल्या. अंधुक दिसतं म्हणाली, तर तुम्ही म्हणालात, “दिवाळीची ऑर्डर जाऊ दे, मंग पाहू.” ऑर्डर गेली, दिवाळीही गेली. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, फार उशीर केलात. त्यावर घरी येऊन तुम्ही काय बोललात, आठवतं? “तसंही तिले बोटानंच काम कराचं असते.”

या एका वाक्याची माफी नाही, बाबा. मेलात म्हणून तर मुळीच नाही!

मग तुम्हाला आपलंच घर बनवायची हौस आली. डब्यावर नाव ‘गुरुजींचं घर’. ओसरी, कोरलेले खांब, तुमची आरामखुर्ची, सायकलसुद्धा. कॉम्प्युटरवर मी मागची बाजूही काढली होती. सैपाकघराची आडभिंत, दरवाजा, आईची खिडकी. तुम्ही माझ्या मागे उभे होतात. “गाडीतून दिसते का ते? नाही ना? मंग काऊन काढून राह्यली?” आणि माझा हात बाजूला करून तुम्हीच ते पुसलंत. रुळाकडे पाठ असलेली भिंत कोरी सोडायची, हा धंद्यातला रिवाज आहे, मान्य. पण आपलं घर कुठल्या रुळाला लागून होतं हो?

काल नागपूरचे एक गृहस्थ आले होते, आपले जुने गिऱ्हाईक. त्यांनी तेच घर जोडून आणलं आणि तुमच्या फोटोपुढे ठेवलं. बाया-माणसं गोळा झाली. आई म्हणाली, “मले द्या पाहू.” तिनं ते मांडीवर घेतलं. खांब चाचपले, खुर्ची चाचपली, सायकलच्या चाकावरून नख फिरवलं. मग घर पाठमोरं फिरवलं. बोटं गुळगुळीत भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

“वैशू, माह्यं सैपाकघर कुठी हाय वं?”

मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

“मले वाटे, मागची भिंत दुसऱ्या पाटीवर असन,” ती म्हणाली. या घराच्या सगळ्या खिडक्या तिनंच मोकळ्या केल्या होत्या, बाबा. आपली खिडकी अजून यायची आहे, असं समजून!

मग तिनं छपरावर अंगठा ठेवला. बरोब्बर मागच्या बाजूला, जिथं खालची आडभिंत तुम्ही पुसली होती. दाबला. छप्पर आत गेलं. “अरे, सांभाळा, बाईले दिसत नाही,” कुणीतरी कळवळून म्हणालं. आईनं तोंड तुमच्या फोटोकडे वळवलं आणि शांतपणे म्हणाली, “पास नाई झालं तुमचं घर.”

मला हसू आलं. तुमच्या तेरवीला मी हसले, हे तुम्हाला कळायला हवं.

लहानपणी तुम्ही मला मलकापूरच्या स्टेशनात खांद्यावर बसवायचात, छपराखालची लाकडी नक्षी हाताला लागावी म्हणून. तो खांदा मला अजून आठवतो. त्याचाच जास्त राग येतो! इतका चांगला खांदा होता, तर आईला दवाखान्यात नेताना कुठे गेला होता?

ते गृहस्थ जाताना म्हणाले, वर्षश्राद्धाला ‘गुरुजींचं घर’ पुन्हा काढा, त्यांच्या स्मरणार्थ. मी हो म्हटलं.

तर हे माझं वचन. घर निघेल, डब्यावर तुमचंच नाव असेल. रुळाकडे सैपाकघर असेल. दरवाजा, खिडकी, खिडकीखाली तो पाइप आणि त्याच्या वरची काळी पडलेली भिंत. उंबऱ्यात सुई घेऊन बसलेली एक बाई. पहिलं घर जोडलं की आईच्या मांडीवर ठेवीन, अंगठा तिचा. पास झालं तरच डबे जातील.

आणि तुमची ओसरी, खांब, खुर्ची? ती बाजू कोरी सोडणार आहे, बाबा. गाडीतून दिसत नाही.

तुमची,
वैशाली