पाटीवरचा टिळा

कोल्हापूर, ता. १२ नोव्हेंबर १९०८

चि. अमीन यास बाबालालचे पोटभर दुवा. विशेष.

दिवाळीची सुटी संपवून तू पुण्यास गेलास आणि इकडे भलतेच झाले. स्टेशन रस्त्यावरच्या माझ्या पाच इंग्रजी पाट्यांवरचे नजरेचे टिळे कोणी तरी खरवडून काढले. पाटी रंगवून झाली की शेवटच्या अक्षराच्या डोक्याशी डावीकडे काळा ठिपका द्यायचा, ही आमच्या उस्तादांची रीत. तुला ती सांगायची राहूनच गेली.

त्याच आठवड्यात आकाराम बिस्किटवाल्याची भट्टी ढासळली. त्याची बायको शालूबाई दारात येऊन, पाटीला नजर लागली म्हणून तोंडावर बोलून गेल्या. आकारामसह चौघा भावांच्या नव्या दुकानाची मोठी पाटी आता दुसऱ्या रंगाऱ्याकडे जाणार. वर्षभर त्या कामावर डोळा ठेवून होतो, फार वाईट वाटते.

तुझ्या वाट्याचे तूप आईने राखले आहे. लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.

बाबालाल


पुणे, ता. १८ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस अमीनचा सलाम, वि. वि.

चोर मीच. वर्गात नुकतीच अपॉस्ट्रॉफी शिकवली होती, म्हणजे अक्षरांच्या डोक्याशी टांगलेला स्वल्पविराम. वस्तू पुष्कळ असल्या तर तो लागत नाही. एकाची मालकी सांगायची तर ‘एस’च्या आधी, पुष्कळांची असेल तर ‘एस’च्या मागे. आकारामकाकांच्या ‘बिस्किट्स’वरचा तुमचा टिळा मला नको तिथे दिलेला तोच स्वल्पविराम वाटला आणि बाबांना येत नाही, याची लाज वाटली. तुम्हांला विचारले नाही. निघायच्या सकाळी चाकूने खरवडले. आता लाज वाटते ती माझी.

काकांना माझे नाव सांगा. टिळा खालच्या कोपऱ्यात दिला तर चालेल का? चौघांच्या पाटीचा मजकूर सोबत लिहून पाठवतो, त्यात खूण ‘एस’च्या मागे आहे.

रागवा, पण पत्र थांबवू नका.

अमीन


कोल्हापूर, ता. ३० नोव्हेंबर

चि. अमीन यास दुवा. विशेष.

तुझे पत्र आकारामला वाचून दाखवले. तो हसून हसून खालीच बसला आणि भट्टी पावसाळ्यातच तडकली होती, हे कबूल करून मोकळा झाला. मग शालूबाईंनीच बजावले की मोठी पाटी बाबालालनेच रंगवायची, टिळ्यासकट.

काल पाटी चढली. तुझी खूण ‘एस’च्या मागे, माझा टिळा खालच्या कोपऱ्यात. मला इंग्रजी येत नाही हे खरेच, मी अक्षरे चित्रासारखी काढतो. विचारले असतेस तर रागावलो नसतो. यापुढे मजकूर तू लिहायचास.

आईचा आणि माझा जीव तुझ्यापाशीच आहे, तो सांभाळ.

बाबालाल

ता. क. पुढल्या आठवड्यात तुझी परीक्षा. या कागदाच्या कोपऱ्यात काळा ठिपका आहे, तो शाईचा डाग नव्हे. खरवडू नकोस.