जिथं तार बसायची ती जागा

आबा, तुमच्या छातीत तीन तारांचं मशीन बसवलं त्याला आता बरीच वर्षं झाली. मी, तुमची लेक, तेव्हा डॉक्टरकी शिकत होते. हृदयाच्या दोन्ही बाजू एकदम आवळत नाहीत, मशीन त्यांना एका ठोक्यावर आणेल, असं मीच तुम्हाला स्वयंपाकघरात बसून समजावलं होतं. तुम्ही भाकरी मोडत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तू म्हणतीस तर बसवू की." मशीन बसवल्यावर महिन्याभरानं तुम्ही एका सकाळी उठून पाण्याची घागर उचलता. आई ओरडते. "काय न्हाय हुईत, लई बरं वाटतंय," म्हणता, घागर ठेवता आणि मागच्या दारी जाता. मी पाठोपाठ येते, तर तुम्ही भिंतीला टेकून धापा टाकताय. "आईला सांगू नगंस," एवढंच म्हणता. दिवाळीच्या आधीच तुम्ही गेलात.

आता मी इथंच, कोल्हापुरात, हृदयाचे स्कॅन बघते. आज आजऱ्याचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. त्यांनाही तेच मशीन सुचवलं होतं. एमआरआयमध्ये डावीकडची तार जिथं बसायची, नेमकी तीच भिंत पांढरी दिसली. जुन्या अटॅकनं तिथला स्नायू मेला होता. मी तसं सांगितलं. तिथं ठोका दिला तरी फारसं काही हलणार नाही, मशीनचा उपयोग होईल असं वाटत नाही. "मग गोळ्यांनी बरं हुतील न्हवं?" मुलीनं विचारलं. "त्रास कमी होईल," मी म्हटलं, "बरे होणार नाहीत." यावर वडीलच म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. मी तरी हिच्यासाठीच बसवून घेत हुतो." मी मान हलवली आणि पुढचा पेशंट बोलावला. काही वाटलं नाही. दुपारी डबाही सगळा खाल्ला.

तुमच्या हृदयाचा असा फोटो कुणी काढला नव्हता. तेव्हा ईसीजीची पट्टी आणि इको बघून ठरवलं. त्यामुळे तुमची ती भिंत जिवंत होती की मेलेली, हे आता कळायचं नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही, लिहून झाला की फाडणार आहे. म्हणून सांगते. तसा फोटो असता आणि आज माझ्यासमोर आला असता, तर मी तो स्वतः न बघता दुसऱ्या कुणाला तरी बघायला दिला असता.