तीनशे बाराव्या तुकडीचा मरीन

रविवार, ६ जुलै

आजपासून रोजनिशी. कर्त्या माणसाने लिहावी असं माझं मत आहे.

जेवताना हानगिलने सांगितलं, नौदलाच्या मरीन दलात निवड झाली. ऑगस्टमध्ये जाणार. चिरंजीव वीस वर्षांचे. आमच्या देशात सैन्यात सगळ्याच मुलांना जावं लागतं, पण मरीनमध्ये आपणहून मागून जायचं असतं. विचारलं, तिकडेच कशाला रे? म्हणाला, "तुमच्यामुळे." ऊर भरून आला. मग म्हणाला, शनिवारी आपण दोघं वॉटर पार्कला जाऊ, निघायच्या आधी मला पोहायला शिकवा. ऊर होता तिथेच राहिला.

मिसुक (आमची ही) सूप वाढता वाढता माझ्याकडेच बघत होती. सूप टेबलावर. तिचं लक्ष नसतं.

म्हटलं, अवश्य. त्यात काय.

सोमवार, ७ जुलै

हे कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं काय ते लिहितो. मी देशसेवा केलेली आहे. घरून. सकाळी डबा घेऊन वॉर्ड ऑफिसच्या राखीव दलात जायचो आणि संध्याकाळी घरी. काम पहाऱ्याचं. गोदामात वाळूची पोती होती, त्यांच्यावर. आता वाळू म्हटल्यावर किनारा आलाच. हानगिल लहान होता तेव्हा त्याने विचारलं, बाबा, तुम्ही काय राखायचात? मी म्हटलं, किनारा. बाकीचं तो स्वतःच समजला. मी फक्त अडवलं नाही. पुढे वादळात पोहून सार्जंटला वाचवल्याचा प्रसंग आला, तोही गोष्टीच्या ओघात.

मला पोहता येत नाही असं नाही. वेळ आली नाही. आमच्या छॉन्जू शहराहून समुद्र चारी बाजूंनी लांब, याला मी काय करणार?

ठरलं. बुधवारी एकट्याने वॉटर पार्कला जायचं, एका दिवसात शिकून यायचं. मला कधी कुणाची गरज लागलेली नाही. ऑफिसात सांगितलं, दाढ काढायची आहे.

मंगळवार, ८ जुलै

तयारी. बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून श्वास रोखला. मिसुकने दार वाजवलं. अहो, रडताय का? नाही म्हटलं. मग आत काय करताय? दाढ, म्हटलं.

येताना टोपी घेतली. तिथे टोपीशिवाय पाण्यात सोडत नाहीत. माझ्या डोक्याची एकच मिळाली. लाल, वर पिवळ्या अक्षरांत 'मरीन'. निळीपण होती. पण निळी मला शोभत नाही.

बुधवार, ९ जुलै. सकाळ

फोन पारदर्शक पिशवीत घालून गळ्यात अडकवला आहे. त्यावरच लिहितोय.

तिकिटाच्या खिडकीवर बाईंनी विचारलं, किती जण? एक. बाकीचे मागून येतायत का? नाही. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग लॉकरच्या चावीचा पट्टा मनगटाला बांधला आणि म्हणाल्या, हरवलात तर कुणालाही हा दाखवा. मी कशाला हरवतो?

अकराच्या सुमारास

पाण्यात उतरलो. घोट्यापर्यंत. छान वाटलं. तेवढ्यात शिट्टी. इथे दर तासाला सगळ्यांना विश्रांतीसाठी बाहेर काढतात. सर्वांत आधी बाहेर मीच. अंगात शिस्त असली की जमतं.

पुन्हा उतरलो. गुडघा. या गतीने संध्याकाळपर्यंत सगळा येईन आत.

जेवताना

एक गोष्ट घडली. गुडघ्यापर्यंत उभा होतो, मागून डरकाळी आली, "कितवी तुकडी?"

वळून बघतो तर साठीचा गडी, छाती कपाटाएवढी, डोक्यावर माझ्यासारखीच लाल टोपी, पण विटलेली. मरीन लोक कुठेही भेटले की आधी तुकडीचा आकडा विचारतात. ज्याचा आकडा लहान तो थोरला, आणि धाकट्याने सलाम ठोकायचा. एवढं मला ठाऊक होतं. म्हणून हुशारीने लहानच आकडा सांगितला. थोरल्याला उलट कोण विचारणार?

"तीनशे बारा," म्हटलं.

तो बघतच राहिला. मग टाचा जुळवून पाण्यातच कडक सलाम. "चारशे एकतीस, बांग दॉकपाल! म्हणजे दादा, तुम्ही अडुसष्ट वर्षांचे?"

मी एक्कावन्नचा आहे. हिशेब करायचा राहून गेला. म्हटलं, हो. म्हणाला, वाटत नाही हो. म्हटलं, समुद्राची हवा.

तेव्हापासून बांग पाठ सोडत नाही. माझी तरंगायची ट्यूब तो उचलतो, पायरी आली की कोपर धरतो. रामेन नूडल्स त्यानेच आणल्या, आणि सॉसेजचे बारीक तुकडे करून दिले, दादांच्या दातांना बरे म्हणून. चार लोकांत मान मिळतो तो असा. मीही मोठ्या मनाने हानगिलचं सांगितलं. मुलगा मरीनमध्ये चाललाय, पोहता येत नाही, शनिवारी मीच शिकवणार. बांगचं चावणं थांबलं. मग म्हणाला, "चला तर दादा, सराव करू."

दुपार

मोठी स्लाइड. पाच मजली. मी म्हटलं, आत्ताच जेवलोय. बांग म्हणाला, मरीन मागे हटतो का? रांगेत सगळ्यांना ओरडून सांगत सुटला, हे बघा, अडुसष्ट वर्षांचे, तीनशे बारावी तुकडी, वादळात पोहलेले. (वादळाचं मी त्याला सांगायला नको होतं.) वर पोचलो. खाली बघितलं. कठडा दोन्ही हातांनी धरला. तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, आजोबा, पासष्टच्या पुढच्यांना सोडता येत नाही.

मी खूप वाद घातला. मनात. पण नियम म्हणजे नियम. जिना उतरताना लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बांग मात्र हिरमुसला. म्हणाला, आता लाटांचा तलाव.

त्यानंतर

लाटेबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही. भोंगा वाजला आणि ती आली. लाइफ जॅकेट होतं म्हणून मी वर होतो, माझा कुठला भाग वर होता याबद्दल मतभेद असू शकतात. बांग बुडू नये म्हणून मी त्याचा गळा धरून ठेवला. कुणीतरी सारखं आई आई करत होतं. शिट्ट्या झाल्या. दोन जीवरक्षकांनी बांगला माझ्या हातून सोडवलं. माझी टोपी एका बाईंनी आणून दिली आणि बांगला म्हणाल्या, वडिलांना सावलीत बसवा हो.

संध्याकाळ, परतीच्या बसमध्ये

निघण्याआधी सगळे पार्कच्या सामाईक न्हाणीघरात जातात, तसे आम्हीही गेलो. सगळं अंग आपलं आपल्याला घासता येतं, पाठ येत नाही. एकट्या माणसाने शेजारच्याला विनंती करायची, असा रिवाज. मी विनंती केली नव्हती. बांग खरखरीत फडकं घेऊन मागे येऊन बसला.

घासत घासत म्हणाला, "तीनशे बारा माझ्या थोरल्या भावाची तुकडी. दर वर्षी सगळे आमच्याकडे जेवायला असतात. वाढायला मी."

मी साबण शोधायला लागलो.

"कुठे होतात?"

"वॉर्ड ऑफिसात."

"डबा घेऊन?"

"डबा घेऊन."

फडकं थांबलं. मग असं चालू झालं की पाठीची सालं निघाली. मी विचारलं, सकाळपासून माहीत होतं तर त्या स्लाइडवर कशाला नेलंत? म्हणाला, वाटलं, वर पोचल्यावर तरी खरं बोलाल. तुम्ही कसले, अडुसष्टवर ठाम.

शिव्या देईल वाटलं होतं. दिल्या नाहीत. म्हणाला, पोरगं तुमच्या शब्दावर चाललंय, त्याला तिकडे खऱ्या पाण्यात उतरवतील, कळतंय का? कळत होतं. रविवारपासून दुसरं काही कळतच नव्हतं.

मग उठवून गार पाण्याच्या हौदात नेलं. पाठीखाली हात धरला आणि म्हणाला, आडवे व्हा, छताकडे बघा. भिंतीवर पाटी होती, पोहण्यास मनाई आहे. कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले, याला पोहणं म्हणत नाहीत, चालू द्या. मी छताकडे बघत होतो. बांगने विचारलं, सोडू? नको म्हटलं. म्हणाला, मघाशीच सोडलाय.

मी तरंगत होतो. खोटं नाही. नंतर बुडालो, पण आधी तरंगत होतो. इतकं बरं वाटलं की बांगला म्हटलं, पुन्हा एकदा.

टोपी बांगला भेट दिली. म्हणजे त्याने ती घेतली आणि म्हणाला, पोरगा नोकरी पुरी करून आला की त्याला माझ्याकडून न्यायला सांगा. आणि शनिवारच्या आत त्याला खरं सांगा. कबूल केलं.

गुरुवार, १० जुलै

आता मला जवळपास पोहता येतं. उरलं आहे ते फक्त पुढे जायचं.

हानगिलला सकाळी सांगणार होतो. घाईत होता. संध्याकाळी सांगणार होतो, तर मिसुक खोलीत. अशा गोष्टी बायकांसमोर नकोत. मिसुकने विचारलं, दाढ काढली ना, मग पाठ का सोलली? भूल उतरली की होतं तसं, म्हटलं.

शुक्रवार, ११ जुलै

बांगचा मेसेज: सांगितलंत? उत्तर दिलं: संधी बघतोय. त्याचा परत: अडुसष्टची माणसं फार वाट बघत नाहीत.

संधी आली होती. हानगिल बॅग भरत होता, एकटा. मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, टॉवेल घे. नेभळट कुठला. (मी.)

त्याला काही झालं तर? झोप लागत नाही.

शनिवार, १२ जुलै

टोपी नव्हती. मिसुकने तिची दिली. फुलाफुलांची. काही विचारलं नाही, जेवणाची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, दुपारी दोघं मिळून उघडा.

पाण्यात शिरल्यावर सांगणार होतो. छातीपर्यंत पाणी, दोरी धरलेली, म्हटलं, हानगिल, आधी श्वासाचं शास्त्र समजून घे. तो हो म्हणाला आणि खोल बाजूला गेला. सरळ पोहत पलीकडच्या काठापर्यंत. वळला. तसाच परत आला. धाप नाही, काही नाही. मार्चपासून नगरपालिकेच्या तलावावर क्लास लावलाय म्हणे.

मी दोरी सोडली नाही.

घरचं जेवण आत न्यायला बंदी, म्हणून फाटकाबाहेर बाकावर बसलो. हानगिलने पिशवी उघडली. आत डबा. ॲल्युमिनियमचा, एका कोपऱ्याला पोचा आलेला. झाकणावर खिळ्याने कोरलेलं माझं नाव आणि खाली वॉर्ड ऑफिस, राखीव दल. मला वाटलं होतं आईच्या सामानाबरोबर केव्हाच भंगारात गेला. म्हणजे मिसुकलाही सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं.

हानगिलने चॉपस्टिक माझ्या हातात दिल्या.

म्हटलं, "हानगिल, एक सांगायचं होतं."

"आजीने सांगितलंय. मी तिसरीत होतो तेव्हा."

"मग 'मला शिकवा' असं कशाला म्हणालास?"

"ऑगस्टच्या आधी एक दिवस तुमच्याबरोबर यायचं होतं. साधं या म्हटलं तर तुम्हाला ऑफिस असतं."

मी दोन घास खाल्ले. मग मी विचारलं, आणि मरीन? तुमच्यामुळे म्हणालास.

"तुमच्यामुळेच," तो म्हणाला. "घरात एकाला तरी पोहता यायला हवं." आणि अंड्याचा शेवटचा रोल खाऊन टाकला.

जेवून पुन्हा आत गेलो. म्हणाला, आडवे व्हा, मी पाठीखाली हात धरतो. मी म्हटलं, मला तरंगता येतं. तरी त्याने धरला. सोडू का म्हणून विचारलंही. मी ऐकू न आल्यासारखं केलं.