समईला लावलेली पिंजर

१० जाने., शुक्र.
पंचायत निवडणुकीचे चिन्ह मिळाले. मागितली होती पाटी, मिळाली समई. सुलभाकाकीला छत्री. काकीचे यजमान आतापर्यंत आमच्या वॉर्डाचे पंच. यंदा वॉर्ड बायकांसाठी राखीव, म्हणून काकी उभी. आणि मी. बाकी कोणी नाही.
बाबा म्हणाले, "समई बरी. छत्री काय, पावस सरलो की माळ्यार."
आई भांडी घासत होती. "सुलभाक कशाक दुखवतंस? तुज्या भावाच्या बाळंतपणाक तिच्याच जीपीन माका म्हापशाक न्हेल्यान."
हे ऐकून ऐकून पाठ आहे. म्हटले, उपकार वेगळे, नळ वेगळा. वरच्या वाड्यावर अजून पाणी चढत नाही.

१२ जाने., रवि.
शेजारच्या द्रौपदीमावशीच्या अंगणात बायका जमवल्या. नमुन्याची मतपत्रिका दाखवली. शिक्का कुठे, घडी कशी, शाई दुसऱ्या चित्रावर उमटू नये म्हणून.
मावशी म्हणाली, "गो बाय, जल्मभर लुगडी घडी करतंय, आता घडी तुज्याकडसून शिकू?"
मागून कोणी तरी, "ती साधी घडी. ही बीएची घडी." सगळ्या हसल्या. मीही.
जाताना मावशी नमुन्यावरची समई बघत राहिली. "बरी उजळ असा," म्हणाली.

१६ जाने., गुरु.
सु.काकीकडे हळदीकुंकू. बाबा नको म्हणत होते, मी गेले. काकीने माझ्या टिकलीवरच पिंजरीचे बोट टेकवले. "असूं दे. टिकलेक पण कुंकू लागता." वाण म्हणून स्टीलची वाटी. ती वाटी म्हणजे प्रचार की रीत, विचार करत घरी आले. आईने वाटी धुऊन मांडणीवर ठेवली.

१९ जाने., रवि.
मतदान. शाळेत लांब रांग. म्हाताऱ्या सकाळीच येऊन गेल्या, नव्या लुगड्यांत, कपाळाला ठसठशीत पिंजर. द्रौ.मावशी बाहेर येऊन माझ्याकडे बघून डोळे मिटून हसली. अर्थ कळला नाही. आई शेवटी आली. एकटी.

२१ जाने., मंगळ.
पेडण्याला मोजणी. तिला १८७, मला १८३. बाद ७.
बाद मते बघायला मागितली. निवडणूक अधिकाऱ्यांनी दाखवली. सातही मतांवर शिक्का बरोबर. पण सातही कागदांवर समईच्या चित्राला लाल बोट. शाई नव्हे. कुंकू.
निकाल जाहीर व्हायच्या आत फेरमोजणीचा अर्ज लिहिला. कारण एकच: कुंकू लावले म्हणून मत बाद होत नाही. बाबा बाजूच्या माणसाला म्हणाले, "अर्ज बघा. एक खाडाखोड नाय." हरत होतो तरी.
अधिकारी सभ्य. म्हणाले, "बाई, मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली तर मत बाद. नियम आहे."
"साहेब, कुंकवाने कोणाची ओळख पटणार? गावात सगळ्याच लावतात."
त्यांनी मान वर करून माझ्या कपाळाकडे पाहिले. "तुम्ही कुठे लावता?"
टिकली.
फेरमोजणी दिली. पुन्हा १८७, १८३. ती सात पुन्हा बाद. या वेळी मी एकेक नीट पाहिली. सहांवर शिक्का समईवर. सातवीवर कुंकू समईला आणि शिक्का छत्रीवर.
सातही धरली तर मी १८९, काकी १८८.
सु.काकी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. फटाके वाड्याच्या बाहेर वाजवले. तेही तिनेच सांगितले असणार.

२२ जाने., बुध.
द्रौ.मावशीला विचारले. ती बिचकली नाही.
"मगे? दिवो बोडको कसो सोडतलंय? कपाळाची पिंजर बोटार घेतलंय, दिव्याक लावलंय, पाया पडलंय आणि मगे शिक्को. आमचा ठरलेला."
"मावशी, म्हणूनच मत बाद झाले."
ती म्हणाली, "देवाक कुंकू लावला तर मत बाटता?"
मला राग नव्हता, याचे नवल वाटले.

२४ जाने., शुक्र.
म्हापशाला कॉलेजातल्या मैत्रिणीच्या वडिलांकडे. वकील. कागद वाचून म्हणाले, केस उभी राहील. फक्त त्या बायकांनी कोर्टात येऊन सांगायला हवे की खूण म्हणून नव्हे, सवयीने लावले. "कोणाला मत दिलं ते विचारणार नाही. कुंकू लावलं का, एवढंच." नावे आणा म्हणाले. मुदत मंगळवारपर्यंत.
बसमध्ये बरे वाटत होते. एका मताने का होईना. नळाचा अर्ज कसा लिहायचा तेही मनात जुळवून झाले.

२६ जाने., रवि.
शाळेत झेंडा. मग मावशीकडे. कोर्ट म्हटल्यावर ती खूश. "नवा पातळ नेसान येतंय. जज्जाक पण पिंजर लावतंय." मग नावे सांगू लागली. मी बोटांवर मोजत होते.
वॉर्डात पिंजर लावणाऱ्या आता किती उरल्यात ते तेव्हा ध्यानात आले. माझ्या वयाच्या सगळ्या टिकलीवाल्या. सु.काकीसुद्धा, साडीच्या रंगाची. विधवा लावत नाहीत. मावशीने स्वतःला धरून सहा नावे घेतली. सहाही जणींनी समईलाच दिले, मावशीने देवाची शपथ घातलेली.
"आणि तुजी आवय," मावशी म्हणाली. "तिका काय सांगूचा नाय लागला. तुजीच आवय ती."
आई धरून सात.
म्हणजे साहेबांचे बरोबर. कुंकवाने ओळख पटते. कोर्टात सात जणी ओळीने उभ्या राहिल्या की छत्रीवाली कोण, हे वाडा संध्याकाळपर्यंत काढील. चूक की बरोबर, ते बघणार नाही.
सहांपैकी एखादी खोटे बोलली असेल. तेही लिहून ठेवते.
घरी आई चुलीपाशी. बाबांनी विचारले, "नावां गावली?" मी सांगितले, काढते आहे. आईने भाकरी उलटली. विचारले नाही. तिनेही. मीही.

२७ जाने., सोम.
काही नाही. वकिलांचे कागद दोनदा वाचले. साक्षीदारांच्या जागी सहा नावे लिहून चालेल का? कुंकू लावलेली मते सात. सातवी कोण, पहिला प्रश्न तोच येईल.
बाबा मिरचीला पाणी घालून आले. "पंचाची आवय म्हणान हिका बाजारात मान मिळतलो," म्हणाले. आई म्हणाली, "माका बाजारात कोण वळखता?"

२८ जाने., मंगळ.
बसमध्ये लिहिते आहे. अक्षर हलते.
निघताना आई जनेलाच्या उजेडात आरशासमोर. पिंजरीची डबी हातात, झाकण लावलेले. "म्हापशाक जातंस तर माका टिकलेचा पाकीट हाड. मोठी, तांबडी. हात कापता हल्ली, पिंजर वाकडी जाता."
चहा तिनेच ओतला होता. थेंब सांडला नाही.
"कधीपासून कापतो?"
"असाच," म्हणाली. मग माझी पिशवी उचलून दिली. जड आहे का बघावे तशी.
पिशवीत कागद. सही बाकी, सातवे नाव बाकी. धारगळ मागे गेले. स्टँडवर उतरल्यावर आधी बाजार लागतो, वकिलांचे ऑफिस त्याच्या पलीकडे.
आधी टिकल्या घेईन.