धसईची पुढची खोली राहीच्या नावे

मी, चंद्रकला सुदाम घुडे, वय ५९, धंदा शिलाई, राहणार धसई, तालुका मुरबाड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला, डोकं शाबूत आहे. कोणी दबाव आणलेला नाही, आणला असता तर मी ऐकला नसता.

१. थोरला भाऊ जगदीश याने पाच वर्षं मला पाठकुळी घेऊन शाळेत नेलं. पुढे त्याच पाठीवरून मुरबाडच्या कचेरीत नेलं आणि वडिलांच्या शेतीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली. मला वाचता येत होतं. मी वाचलं नाही, कारण घरी परत त्याच्याच पाठीवरून यायचं होतं. शाळेचे उपकार मानते, सहीचा राग अजून आहे. त्याला माझी मोठी गोधडी द्यावी. दोन्ही खोल्या मी मशीन चालवून बांधल्या, त्यांवर त्याचा हक्क नाही.

२. त्या सहीमुळेच दर रविवारी पाड्यापाड्यांवरची अपंग पोरं माझ्याकडे येतात. अठरा पुरी व्हायच्या आत प्रत्येकाने आपला कागद आपण वाचायचा आणि एसटीने एकट्याने मुरबाडला जाऊन यायचं, हा माझा दंडक. सोबत आई आलीच, तर तिला चहा देऊन ओट्यावर बसवते. मागची खोली या पोरांसाठीच राहावी. व्यवस्था गावच्या शाळेतल्या कविता शेलार बाईंनी पाहावी.

३. आता माझी चूक. कुबड्यांवर चालणारी राही जैतू वाघ, वय १७, हिचा वाशिंदच्या प्रशिक्षण वर्गाचा अर्ज गेल्या महिन्यात मीच भरला. तिला मोबाइल दुरुस्ती शिकायची होती. मी 'शिवणकाम' लिहिलं, कारण माझं दुकान तिने चालवावं ही माझी हौस. तिने माझ्या भरवशावर न वाचता सही केली. कळल्यावर म्हणाली, "मावशे, तू पन मला पाठकुळीच घेतलीस गो. इचारलं पन नाय." दुसऱ्या दिवशी अर्ज बदलून घेतला.

४. पुढची खोली राहीला. तिथे तिने मोबाइल उघडावेत की कुलूप लावावं, तिची मर्जी. अठरा पुरी झाल्यावर, कागद तिने स्वतः वाचल्याशिवाय कोणी तिच्या हाती पेन देऊ नये. शिलाई मशीन रविवारच्या पोरांतल्या काजलला द्यावं. तिला हवं आहे, या वेळी मी विचारलं.

हे मृत्युपत्र राहीला वाचायला दिलं. अर्धा तास लावून वाचलं तिने. कलम चारच्या शेवटी मी लिहिलं होतं, की जगदीशने तिला रोज मोटारसायकलवरून वाशिंदला सोडावं, म्हणजे त्या सहीची त्याच्याकडूनही फेड होईल. ते वाक्य तिने खोडायला लावलं.

"एसटी हाय ना," म्हणाली.

खोडलं आहे. बाजूला माझी सही आहे.

साक्षीदार: १. वेणू भोईर २. संदीप देसले
ठिकाण: धसई
दिनांक: १२ जानेवारी २०२५
सही: चंद्रकला सुदाम घुडे (स्वतः वाचून)