मागच्या चाकाचा मुक्काम

११ नोव्हेंबर

अडकलो! हिच्या सायकलचे मागचे तीन स्पोक तुटले, रिम वाकली. पाच किलोमीटर ढकलत आलो. समुद्र अजून चारशे किलोमीटर. वीस तारखेला, साठाव्या वाढदिवशी, पाय पाण्यात म्हणजे पाण्यात! चौतीस वर्षं बस चालवली, वेळ कधी चुकवली नाही.

गाव मात्र न्यारं. सायकलींना वेगळी वाट, वेगळा सिग्नल. सिग्नलपाशी हात टेकायला दांडी — पाय खाली टेकावा लागू नये म्हणून! आमच्यासाठी अख्खी बस थांबली. ड्रायव्हरनं हातानंच ‘जा’ म्हटलं. मी जन्मभर सायकलवाल्यांच्या पाठीमागे हॉर्न बडवला. मान वर करवेना.

१२ नोव्हेंबर

दुरुस्तीवाली म्हणाली, “उद्या देते, काका.”

लॉज झकास. खोलीत सायकल टांगायला हूकसुद्धा! मालकीणबाई पन्नाशीच्या, बोलक्या. सगळे पाहुणे सायकलवाले, आणि बाई स्वतः बाजारात पायी जातात. “गुडघा हो,” म्हणाल्या. जिना मात्र दोन-दोन पायऱ्या गाळून चढतात.

१३ नोव्हेंबर

चाक नाही. “उद्या नक्की.” ही सकाळीच कुठे गेली होती. म्हणे फिरायला. आता कंबर धरून बसलीय. फिरून कंबर?

१४ नोव्हेंबर

“रिम मिळत नाहीये, काका.” दुकानभर रिमा टांगलेल्या! मी तडकलो. ही शांत — “चार दिवस बसलात तर आभाळ कोसळणार नाही.”

आभाळ नाही, पण वीस तारीख?

१५ नोव्हेंबर

सापडली चोरी!

सकाळी हिच्या मागोमाग गेलो. शाळेमागचं मैदान. ही सीट धरून पळतेय आणि सीटवर — मालकीणबाई! हिच्याच सायकलवर! चाक परवाच झालं होतं. दुरुस्तीवालीही सामील.

मी तोंड उघडणार, तोच बाई धपकन पडल्या. उठल्या, आणि रडायलाच लागल्या. “लहानपणी अशीच पडले. भाऊ खदाखदा हसले. पुन्हा बसलेच नाही. या गावात हे सांगू कुणाला? वीस वर्षं गुडघ्याच्या नावावर चाललंय.”

हिनं माझ्याकडे पाहिलं. “अहो, बोला की आता.”

मी म्हटलं, “बाई, चाकाकडे बघू नका. लांब बघा. बससुद्धा तशीच चालवतात.” आणि सीट मी धरली.

१७ नोव्हेंबर

सुटल्या! मी हात कधी काढला, त्यांना पत्ताच नाही. कळल्यावर किंचाळल्या — पण पडल्या नाहीत! थांबता येत नाही. कुंपणाला मिठी मारून थांबतात. मागे पळून पळून माझ्या छातीचा भाता झाला. हसून हसून ही खाली बसली.

आता ब्रेक शिकवल्याशिवाय कसं निघायचं?

२० नोव्हेंबर

साठ पूर्ण. बाई आज सिग्नलपर्यंत जाऊन आल्या! दांडी धरून उभ्या होत्या, हिरवा दिवा दोनदा येऊन गेला तरी.

२३ नोव्हेंबर

उद्या निघतोय. बाईंना सांगितलं. ताट वाढून आत गेल्या.

२४ नोव्हेंबर

सहाला निघालो. तिघं! बाईंना सायकल दुरुस्तीवालीनं दिली. लॉजच्या दाराला पाटी — ‘मालकीण समुद्र बघायला गेली आहे. किल्ली सायकलच्या दुकानात.’